रुग्णालय गाठण्यापूर्वीची अतिदक्षता: रुग्णवाहिकेतील वेळ कशी वापरावी

तालुक्याच्या ठिकाणी १०८ रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या एका डॉक्टरांनी विचारले आहे की, त्यांच्याकडे लवकरच व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि सिरिंज पंप असलेली नवी रुग्णवाहिका येणार आहे, जिल्हा रुग्णालय मात्र तासाभराच्या अंतरावर आहे. अशा वेळी अत्यवस्थ रुग्णावर जागेवर थांबून किती उपचार करावेत, किती लवकर निघावे आणि ही सेवा खरोखर सुधारायची असेल तर सुरुवात कशापासून करावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

थेट उत्तर आधी देतो. नव्या यंत्रांचे स्वागत जरूर करावे, पण सुधारणेची सुरुवात त्यांच्यापासून करू नये. आपत्कालीन विभागात दाखल होणारे रुग्ण आणि त्यांना घेऊन येणारे सहकारी यांच्यासोबत अनेक वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, या टप्प्यावर रुग्णाचे जे टाळता येण्याजोगे नुकसान होते ते बहुतांशी चार कारणांनी होते: ऑक्सिजन कमी पडतो, कोसळलेला रक्तदाब तसाच राहतो, वेळेत द्यायचे एखादे साधे औषध दिले जात नाही, किंवा रुग्ण अशा रुग्णालयात नेला जातो जिथे त्याच्या आजारावर उपचार होऊच शकत नाही. या चारही गोष्टी आज आपल्याकडे असलेल्या गाडीत आणि आहे त्या मनुष्यबळात बऱ्याच अंशी सुधारता येतात.

महाराष्ट्राची एक जमेची बाजू येथे नोंदवली पाहिजे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवेत ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या, आणि दोन्ही प्रकारांत डॉक्टर असावा अशी रचना केली गेली. म्हणजे उपचाराचा निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती रुग्णाच्या उशाशी बसलेली असते, ही फार मोठी गोष्ट आहे. या डॉक्टरांपैकी बहुतेकांनी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेली असते आणि श्वासमार्ग सांभाळण्याचा पुरेसा सराव त्यांना पदवीच्या काळात मिळालेला असतोच असे नाही. हा त्यांचा दोष नाही. ज्याच्याकडून आपण धावत्या गाडीत एकट्याने जीव वाचवण्याची अपेक्षा करतो, त्याला नेमणुकीच्या वेळी आणि पुढेही नियमितपणे हातात साधन देऊन सराव करून घेणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडली जात नसेल तर कितीही महाग गाडी आणली तरी फरक पडणार नाही.

‘जागेवर थांबावे की निघावे’ या प्रश्नाला सर्व रुग्णांसाठी एकच उत्तर नाही. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात या विषयावर मोठा आणि शिस्तबद्ध अभ्यास झाला. तेथे मूलभूत सेवेत प्रगत उपचारांची, म्हणजे श्वासनलिकेत नळी टाकणे, शिरेतून औषधे देणे यांची भर घालून आधीचे आणि नंतरचे निकाल ताडून पाहिले गेले. हृदय बंद पडलेल्या रुग्णांबाबत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, त्वरित विजेचा शॉक देण्याची व्यवस्था आधीच असलेल्या ठिकाणी प्रगत उपचारांमुळे जगण्याचे प्रमाण वाढले नाही, तर जवळच्या माणसाने सुरू केलेली छातीदाबणी आणि लवकर मिळालेला शॉक हेच निर्णायक ठरले. गंभीर अपघाती इजांबाबत २००८ मध्येही फायदा दिसला नाही, आणि ज्यांची शुद्ध फार हरपली होती अशांमध्ये मृत्यूचे प्रमाण उलट अधिक आढळले. परंतु धाप लागलेल्या रुग्णांमध्ये, २००७ च्या अहवालानुसार, मृत्यूचे प्रमाण १४.३ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आले. या तिन्ही निष्कर्षांचा एकत्र विचार करावा. रक्तस्राव शरीराच्या आत चालू असेल तर तो थांबवणारी शस्त्रक्रिया गाडीत होत नाही, म्हणून निघावे. धाप, विषबाधा, फिटचे झटके आणि साखर कमी होणे यांवरचा उपचार गाडीत होऊ शकतो, म्हणून तो जागेवरच सुरू करावा. हृदय बंद पडले असेल तर दर्जेदार छातीदाबणी धावत्या गाडीत होत नाही, त्यामुळे पहिली काही मिनिटे रुग्ण जेथे आहे तेथेच, कठीण पृष्ठभागावर द्यावीत.

आता श्वासमार्गाकडे वळतो, कारण माझ्या मते सर्वाधिक जीव येथेच वाचतात आणि येथेच जातात. व्हेंटिलेटर येण्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येक पथकाने आधी अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, नीट वापरता येते का, हे प्रामाणिकपणे तपासावे. एका हाताने मास्क धरून दुसऱ्या हाताने बॅग दाबणारा माणूस बहुतेक वेळा मास्कच्या कडेने हवा गमावत असतो. छाती उचलली जात नाही म्हणून तो अधिक जोरात आणि अधिक वेगाने दाबतो, हवा पोटात जाते, रुग्णाला उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. याऐवजी एकाने दोन्ही हातांनी जबडा पुढे उचलून मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवावा आणि दुसऱ्याने बॅग दाबावी. प्रौढांसाठीच्या बॅगेत सुमारे दीड लिटर हवा मावते आणि रुग्णाला एका श्वासात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पुरते, म्हणून बॅग पूर्ण पिळू नये. छाती उचललेली दिसेपर्यंत साधारण एक सेकंद दाबावी, सोडावी आणि पुढचा श्वास सहा सेकंदांनी द्यावा, म्हणजे मिनिटाला दहा श्वास होतात. घाबरलेल्या माणसाच्या हातून हा वेग नकळत मिनिटाला पंचवीस-तीसवर जातो, म्हणून सहकाऱ्याने मोठ्याने आकडे मोजावेत. जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची योग्य मापाची एअरवे आणि स्राव ओढून काढणारे, चालू स्थितीतील सक्शन या दोन वस्तू हाताशी नसतील तर पुढचे सारे कौशल्य निरुपयोगी ठरते.

श्वासनलिकेत ट्यूब टाकण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण ज्याला नियमित सराव नाही त्याने आय-जेलसारखे घशात बसणारे साधन वापरणे अधिक सुरक्षित आहे. ट्यूब टाकायचीच असेल तर ती श्वासनलिकेतच आहे याची खात्री कॅप्नोग्राफच्या, म्हणजे श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखावरून करावी. छातीला स्टेथोस्कोप लावून, तेही इंजिनाच्या आवाजात, ही खात्री होत नाही. अन्ननलिकेत गेलेली ट्यूब ओळखू न येणे हा या कामातील सर्वांत भयंकर प्रसंग आहे आणि तो टाळणारे यंत्र व्हेंटिलेटरपेक्षा कितीतरी स्वस्त असते.

ऑक्सिजनचा हिशेब निघण्यापूर्वी करावा. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये घेऊन तिला मापकावरील दाबाने (बार या एककात) गुणले की आत किती लिटर वायू आहे ते कळते. दहा लिटर क्षमतेच्या सिलिंडरमध्ये १५० इतका दाब असेल तर १५०० लिटर ऑक्सिजन आहे, आणि मिनिटाला १५ लिटर दराने तो शंभर मिनिटे पुरेल. तोच काटा ५० वर असेल तर जेमतेम तेहेतीस मिनिटे मिळतील. आपले जिल्हा रुग्णालय तासाभरावर आहे आणि वाटेत घाट किंवा फाटक असेल तर हा वेळ वाढतो, म्हणून गरजेच्या किमान दीडपट साठा असल्याशिवाय अत्यवस्थ रुग्ण घेऊन निघू नये. हे गणित चालकालाही शिकवावे, कारण पाळी बदलताना काटा बहुधा तोच पाहतो.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी हीच शिस्त जीवन-मरणाची ठरते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात रुग्णवाहिका पथकांना तीन गोष्टी टाळायला शिकवले गेले: ऑक्सिजन कमी पडू देणे, रक्तदाब पडू देणे आणि गरजेपेक्षा वेगाने श्वास देणे. हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत तीव्र इजा झालेल्या गटात जगण्याचे गुणोत्तर सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. त्यासाठी कोणतेही नवे औषध वापरले गेले नव्हते. वेगाने श्वास दिल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच जखमी असलेल्या मेंदूला मिळणारे रक्त आणखी कमी होते. म्हणून अशा रुग्णाला सुरुवातीपासून पूर्ण ऑक्सिजन द्यावा, वरचा रक्तदाब किमान ११० राखावा आणि कॅप्नोग्राफ असेल तर वाचन ३५ ते ४० च्या दरम्यान ठेवावे.

केवळ रक्तस्राव होत असेल आणि डोक्याला मार नसेल तर धोरण वेगळे आहे. दिसणारा रक्तस्राव थेट दाबून थांबवावा. हातापायातून न थांबणारे रक्त येत असेल तर टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह बंद करणारी आवळपट्टी, लावावी, बांधल्याची वेळ तीवरच लिहावी आणि ती वाटेत सैल करू नये. कंबरेचे हाड मोडल्याची शंका असेल तर चादरीची रुंद घडी मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यांच्या पातळीवर घट्ट बांधावी. पुष्कळदा ती बरीच वर, पोटावर बांधलेली आढळते आणि तिचा उपयोग होत नाही. सलाईनच्या बाटल्या भराभर चढवल्याने रक्त पातळ आणि थंड होते व नुकत्याच जमलेल्या गुठळ्या सुटतात, म्हणून मनगटाची नाडी लागेल इतपतच सलाईन द्यावे. जमलेल्या गुठळ्या टिकवून रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध मात्र अवश्य द्यावे. २०१० मध्ये चाळीस देशांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात त्याने मृत्यू कमी होत असल्याचे दिसले, पण फायदा इजेनंतर पहिल्या तीन तासांतच मिळतो आणि त्यानंतर दिल्यास हानी होऊ शकते. एक ग्रॅम औषध दहा मिनिटांत द्यायचे असते. तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून पुढे शहराला अशी दोन-तीन ठिकाणे फिरण्यातच हे तीन तास संपतात, म्हणून ते पहिल्याच गाडीत दिले गेले पाहिजे. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावातही त्याची मात्रा आणि मुदत तीच आहे.

आपल्या भागात विषबाधा आणि सर्पदंश यांचे रुग्ण अपघातांइतकेच महत्त्वाचे आहेत आणि परदेशी पुस्तकांत त्यांना मिळणारी जागा आपल्या गरजेच्या मानाने फारच थोडी असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेत रुग्ण स्वतःच्या छातीतील स्रावात गुदमरतो. त्याचे कपडे काढून अंग धुणे, सक्शन, ऑक्सिजन आणि स्राव आटवणारे ॲट्रोपिन हे चारही उपचार वाटेत करता येतात. ॲट्रोपिनची सुरुवात साधारण १.८ मिलीग्रॅमने, म्हणजे ०.६ मिलीग्रॅमच्या तीन ॲम्प्युलने करतात आणि छाती साफ होईपर्यंत, नाडी आणि रक्तदाब सुधारेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. तीन, सहा, बारा, चोवीस असा हिशेब केला तर पहिल्या पंधरा मिनिटांतच पंचेचाळीस ॲम्प्युल लागू शकतात. आपल्या गाडीच्या पेटीत किती आहेत, ते आजच मोजून पाहावे. कपाशीच्या पट्ट्यातील गाडीला फवारणीच्या हंगामात शहरी गाडीइतकाच साठा देणे चुकीचे आहे, आणि हे वरिष्ठांना लेखी कळवणे हे आपले कर्तव्य आहे.

मण्यारीच्या दंशात तर अँबू बॅग हेच मुख्य औषध ठरू शकते. दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. सूज किंवा वेदना जवळपास नसते, खूण दिसतेच असे नाही, आणि पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, मान धरवत नाही व आवाज बदलतो. असा रुग्ण गाडीत घेतल्यावर त्याला एका दमात किती आकडे मोजता येतात ते दर काही मिनिटांनी पाहावे, म्हणजे श्वासाचे स्नायू दुबळे होत असल्याचे ऑक्सिजनचे वाचन घसरण्यापूर्वीच कळते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष उपलब्ध असेल तर पहिल्या दहा कुप्या तेथेच द्याव्यात आणि त्या चालू असतानाच पुढे न्यावे. पूर्ण लुळा पडलेला, बाहुल्या न हलणारा हा रुग्ण मृतवत दिसतो, पण तो ऐकत असतो आणि त्याचा मेंदू शाबूत असतो. त्याला तासभर हाताने श्वास देत आणल्यास तो काही दिवसांनी चालत घरी जाऊ शकतो. ‘काही उरले नाही’ असे त्याच्या नातेवाइकांना वाटेत सांगू नये, आणि त्याच्या कानाशी तर असे मुळीच बोलू नये. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढे मांडला. ग्रामीण महाराष्ट्रातील उपचारपद्धती येथल्याच अनुभवातून घडू शकते, यावर माझा विश्वास आहे तो अशाच कामामुळे.

झटके चालू असलेल्या रुग्णाची शीर शोधत बसू नये. झटके थांबवणारे मिडॅझोलाम मांडीच्या स्नायूत द्यावे. चाळीस किलोपेक्षा अधिक वजनाच्या व्यक्तीला दहा मिलीग्रॅम ही मात्रा रुग्णवाहिकांतील मोठ्या चाचणीत शिरेतून दिलेल्या लोराझेपाम या तशाच औषधापेक्षा सरस ठरली, कारण ती लवकर दिली गेली. प्रत्येक बेशुद्ध रुग्णाची साखर तपासावी, आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत पाळीच्या सुरुवातीला पाहावी.

छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत काढावा. घामाने ओल्या छातीवर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत आणि आलेख थरथरतो, म्हणून आधी छाती कोरडी पुसावी आणि गाडी थांबवून आलेख घ्यावा. तो हृदयरोगतज्ज्ञाला मोबाइलवरून पाठवणे आता सहज शक्य आहे. हृदयविकाराचा झटका स्पष्ट असेल आणि अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, निषिद्ध कारणे तपासून, जिथे मिळेल तिथे सर्वांत आधी दिले पाहिजे. अनेक तालुक्यांत याचा अर्थ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असाच होतो. ॲस्पिरिन मात्र आपण गाडीतच चावून खायला द्यावे.

यानंतरचा भाग उपचाराचा नसला तरी माझ्या दृष्टीने तितकाच वैद्यकीय आहे. ‘सर्वांत जवळचे रुग्णालय’ हा नियम अत्यवस्थ रुग्णासाठी अपुरा आहे. डोक्याला गंभीर मार लागलेला रुग्ण सीटी स्कॅन नसलेल्या ठिकाणी उतरवला की दाखल करणे, तपासणे, रेफर करणे आणि पुन्हा गाडी मिळवणे यांत सहज दोन तास जातात. श्वास आणि रक्तस्राव गाडीत सांभाळता येत असतील तर थोडे पुढचे पण योग्य रुग्णालय गाठावे. श्वासमार्ग सांभाळता येत नसेल तरच जवळच्या ठिकाणी थांबावे. यासाठी आपल्या परिसरातील रुग्णालयांचा एक तक्ता गाडीत असावा. सीटी स्कॅन, रक्तपेढी, व्हेंटिलेटर, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, नवजात शिशू कक्ष यांपैकी काय, कोठे आणि रात्री उपलब्ध असते का, एवढीच माहिती त्यावर हवी, आणि ती दर महिन्याला फोन करून ताजी केली पाहिजे. आणीबाणीच्या रुग्णावर तातडीचा उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. रस्ते अपघातातील जखमींसाठी २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचाराची तरतूद आहे. नियुक्त खासगी रुग्णालयांची यादी म्हणूनच आपल्या तक्त्यात असायला हवी. मदत करणाऱ्या वाटसरूंना मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ अन्वये संरक्षण दिले आहे, हेही घटनास्थळी जमलेल्या लोकांना सांगत राहावे. त्यांच्यापैकी कोणी आपण पोहोचण्यापूर्वी जखम दाबून धरली तर आपले निम्मे काम झालेले असते.

निघताना रुग्णालयाला फोन करावा. वय, काय घडले व केव्हा, कोणत्या इजा किंवा लक्षणे, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजन-शुद्ध यांची स्थिती, दिलेले उपचार आणि पोहोचण्याची अंदाजे वेळ, या क्रमाने सारे मिनिटभरात सांगता येते. तोच क्रम कॅज्युअल्टीत रुग्ण सोपवताना वापरावा आणि तेवढा वेळ रुग्णालयाच्या पथकाने हात थांबवून ऐकावे, अशी मागणी आपण ठामपणे करावी. छातीदाबणी किंवा श्वास देणे चालू असेल तर तेवढे मात्र थांबू नये. रुग्णाला खाटेवर सरकवण्याच्या गडबडीत ‘वाटेत एकदा श्वास थांबला होता’ हे वाक्य हरवते आणि त्याची किंमत पुढच्या तासात कळते.

आपण सुरुवात कशापासून करावी असे विचारले आहे, तर माझा क्रम असा राहील. पहिल्या महिन्यात पाळी बदलताना ऑक्सिजनचा दाब, सक्शन, अँबू बॅग व मास्कची मापे, घशात पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा, शॉक देणाऱ्या डिफिब्रिलेटरचे पॅड, साखरेच्या पट्ट्या आणि ॲट्रोपिन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, मिडॅझोलाम यांची मोजणी दोघांनी मिळून करावी आणि सही करावी. त्याच महिन्यापासून आठवड्यातून एकदा, गाडी उभी असताना, चालकासह सर्वांनी दोन माणसांच्या पद्धतीने बॅग देण्याचा आणि छातीदाबणीचा सराव करावा. जिल्ह्याकडे यंत्रांची मागणी करताना कॅप्नोग्राफ व्हेंटिलेटरच्या आधी मागावा. व्हेंटिलेटर आला की तो जोडण्यापूर्वी चालवायला शिकवणारा भूलतज्ज्ञ किमान काही दिवस आपल्यासोबत बसावा, असा आग्रह धरावा.

आणि प्रत्येक अत्यवस्थ रुग्णाचे पुढे काय झाले, हे तिसऱ्या दिवशी रुग्णालयाला विचारून वहीत नोंदवावे. लंडनच्या हवाई रुग्णवाहिका सेवेबद्दल बोलताना हेलिकॉप्टरचा उल्लेख सगळे करतात, परंतु तेथे कोणत्या रुग्णाकडे पथक पाठवायचे हे ठरवण्यासाठी नियंत्रण कक्षात अनुभवी पॅरामेडिक बसलेला असतो आणि हाताळलेल्या रुग्णांची चर्चा नियमितपणे, कोणाला दोष न देता, सर्वांसमोर होते. हेलिकॉप्टर आपल्या तालुक्यात येणार नाही, पण महिन्यातून एकदा जिल्हा रुग्णालयाचे भूलतज्ज्ञ, कॅज्युअल्टीचे वैद्यकीय अधिकारी आणि रुग्णवाहिकांवरील डॉक्टर तासभर एकत्र बसून पाच-सहा केस पेपर वाचू शकतात. ही बैठक बोलावण्यासाठी शासन निर्णयाची गरज नसते. जिल्हा शल्यचिकित्सकांना आपण एक पत्र लिहावे आणि पहिल्या बैठकीसाठी मागच्या महिन्यातील मृत्यू झालेल्या रुग्णांचे कागद स्वतः घेऊन जावे.